घर भाड्याने देऊन हळूहळू संपत्ती कशी उभी राहते: नवख्यांसाठी सुरुवातीपासून

लोन काढून घर घ्यायचं, भाड्याने द्यायचं, भाड्यातून हप्ते फिटत राहतील आणि वीस वर्षांनी घर फुकटात आपलं, असं गणित डोक्यात घेऊन बरेच जण सुरुवात करतात. गणित अगदीच चूक नाहीये, पण त्यातला "भाड्यातून हप्ते फिटतील" हा तुकडा पहिली आठ-दहा वर्षं बऱ्याच घरांच्या बाबतीत खरा नसतो, आणि नेमकं तिथेच लोक दमतात, वैतागतात आणि नको त्या वेळी घर विकून मोकळे होतात. माझं मत विचाराल तर या धंद्यात हुशारीपेक्षा दम जास्त लागतो. म्हणून खाली जे काही लिहिलंय ते सगळं एका प्रश्नाशी येऊन थांबतं: भाडं बंद पडलं तरी हे घर मी किती महिने हातात धरून ठेवू शकतो?

कर, भाडेकायदा, रजिस्ट्रेशनचा खर्च हे देशागणिक वेगळं असतं, ते आपापल्या ठिकाणी विचारून घ्या. गणित मात्र सगळीकडे सारखंच आहे. आकडे कुठल्याही चलनात लावता यावेत म्हणून आपण घराची किंमत सरळ १००० धरू.

पायरी १: घरं बघायच्या आधी स्वतःचा खिसा बघा

क्रेडिट कार्डची थकबाकी किंवा पर्सनल लोन चालू असेल तर आधी ते संपवा. त्यावरचं व्याज घराच्या निव्वळ भाड्यापेक्षा कितीतरी जास्त असतं, त्यामुळे ते फेडणं हीच तुमची पहिली आणि सगळ्यात सेफ गुंतवणूक. मग घरखर्चाचे सहा महिने तरी बाजूला हवेत, आणि हा पैसा डाऊन पेमेंटमध्ये मोजायचा नाही, मोह झाला तरी नाही. पुढच्या चार-पाच वर्षांत शिक्षण, लग्न, स्वतःचं राहतं घर असा मोठा खर्च दिसत असेल तर भाड्याच्या घराचा विचार थोडा पुढे ढकला, कारण घर हे शेअर किंवा डिपॉझिटसारखं आज विकलं आणि परवा पैसे आले असं होत नाही, कधीकधी गिऱ्हाईक मिळायलाच वर्ष जातं.

पायरी २: गणित शिका, आणि इथे घाई करू नका

एजंट तुम्हाला जो टक्का सांगतो तो ढोबळ असतो. वर्षाचं भाडं भागिले घराची किंमत, बस. आपल्या १००० च्या घराला महिन्याला ५ भाडं येतं असं धरू, म्हणजे वर्षाला ६०, म्हणजे ६ टक्के. ऐकायला छान वाटतं.

आता यातून खर्च काढू. घर दरवर्षी सरासरी एक महिना रिकामं राहील असं धरायचं, एक भाडेकरू जातो, दुसरा येतो, मधे रंगकाम होतं, तर गेले ५. दुरुस्ती आणि देखभालीला किमतीच्या साधारण १ टक्का धरायची पद्धत आहे, म्हणजे १०. काही वर्षी २ च लागतील आणि एखाद्या वर्षी पाइपलाइन आणि छत एकदमच निघालं तर ४० लागतील, सरासरी म्हणून १०. घरावरचा कर आणि विमा मिळून ५, एजंटची फी आणि किरकोळ ४. उरले किती? ३६. म्हणजे ६ टक्क्यांचे झाले ३.६, आणि हे सुद्धा इन्कम टॅक्सच्या आधी. रजिस्ट्रेशन वगैरेला ७० आणि सुरुवातीच्या डागडुजीला २० गेले असं धरलं तर घर तुम्हाला १०९० ला पडलं, म्हणजे खरा परतावा ३.३ टक्के.

आता लोन. समजा ८०० चं लोन, व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षं. महिन्याचा हप्ता येतो ७.२. भाड्यातून हातात उरतायत महिन्याला ३. म्हणजे दर महिन्याला ४.२ तुम्ही पगारातून घालणार. वीस वर्षं पगार नीट चालू राहिला तर ठीक आहे पण मधे सहा महिने नोकरी गेली तर काय करणार, हा विचार आत्ता करायचा, तेव्हा नाही.

तेच लोन ५०० चं घेतलं तर हप्ता ४.५ आणि खिशातून जातात महिन्याला १.५. पहिल्या दिवसापासून घराने स्वतःचा हप्ता स्वतः भरावा असं वाटत असेल तर या आकड्यांमध्ये लोन साधारण ३३० च्या वर जाताच कामा नये, म्हणजे किमतीचा तिसरा हिस्सा. जिथे लोन ५ टक्क्याने मिळतं तिथे हेच घर साधारण ४५५ चं लोन स्वतः पेलतं. तर बघा, ढोबळ परतावा ६ की ७ यावर वाद घालण्यापेक्षा निव्वळ परतावा आणि लोनचा दर यातलं अंतर बघा. लोन महाग आणि भाडं कमी असेल तर जास्त लोन घेऊन श्रीमंत व्हायची आयडिया फक्त किंमत वाढण्याच्या भरवशावर चाललेली असते. त्याला मी तरी गुंतवणूक म्हणणार नाही, तो जुगार आहे.

आता याच ५०० लोनवाल्या घराला वीस वर्षं चालवून बघू, कारण खरी गंमत इथे आहे. भाडं वर्षाला ४ टक्क्यांनी वाढतंय, खर्चही त्याच हिशोबात वाढतोय, लोनचा दर तोच आहे असं धरा. पहिल्या दिवशी तुमच्या खिशातून गेले ५९०, म्हणजे ५०० डाऊन पेमेंट आणि ९० वरखर्च. पहिली दहा वर्षं तुम्ही अजून मिळून साधारण १०८ घालता. दहाव्या वर्षाच्या शेवटी निव्वळ भाडं ४.४ च्या आसपास पोचतं, म्हणजे घर पहिल्यांदा स्वतःच्या पायावर उभं राहतं. आणि लोन? ते दहा वर्षं हप्ते भरून सुद्धा ३५५ बाकी असतं, अर्धं पण फिटलेलं नसतं, कारण पहिल्या हप्त्यातल्या ४.५ पैकी ३.७५ हे निव्वळ व्याज होतं आणि मुद्दल फक्त ०.७५.

या टप्प्यावर जर घराची किंमत जागची हललीच नसेल आणि तुम्ही कंटाळून विकलं तर हातात येतात ६४५ आणि तोपर्यंत घातलेले असतात ६९८. नुकसान. आणि विक्रीचा खर्च तर अजून धरलेलाच नाहीये. पण धरून ठेवलं तर पुढच्या दहा वर्षांत भाडं हप्त्याच्या वर जातं आणि साधारण १०० तुमच्याकडे परत येतात, म्हणजे आधीच्या दशकात घातलेले जवळपास सगळे. वीस वर्षांनी लोन शून्य, निव्वळ भाडं वर्षाला साधारण ७९, आणि किंमत वर्षाला फक्त ३ टक्क्यांनी वाढली असेल तरी घर साधारण १८०० चं झालेलं असतं. पहिल्या दशकात तुम्ही घराला पोसता, दुसऱ्या दशकात ते परत करतं, आणि कमाई खऱ्या अर्थाने तिसऱ्या दशकात सुरू होते. आणि हो, वर्षाच्या परताव्यात मांडलं तर हे वीस वर्षांचं सगळं मिळून साडेपाच टक्क्यांच्या आसपासच येतं, तेही टॅक्सच्या आधी. ज्यांना पाच वर्षांत डबल पाहिजे त्यांनी इथेच वाचणं थांबवलं तरी चालेल.

मग हा परतावा वाढवायचा कसा? तीनच रस्ते आहेत: स्वस्तात घेणं, जास्त भाड्याचं घर शोधणं किंवा स्वस्त लोन मिळवणं. चौथा रस्ता कोणी सांगितला तर जरा सांभाळून.

किंमत वाढेलच हे पण डोक्यातून काढा. जपानमध्ये १९९० च्या सुमाराला फुगा फुटला त्यानंतर जमिनीच्या किमती दहा वर्षांहून जास्त काळ घसरत राहिल्या. अमेरिकेत २००६ ते २०१२ या काळात घरांच्या किमती देशाच्या सरासरीत साधारण पाव हिश्श्याने खाली आल्या. किमतीच्या ८० टक्के लोन घेतलेल्या माणसासाठी १० टक्के घसरण म्हणजे त्याचा स्वतःचा अर्धा पैसा कागदावर गेला. ज्यांना विकावं लागलं नाही, ज्यांचं भाडं चालू होतं, त्यांचं तेवढं बिघडलं नाही.

पायरी ३: जागा निवडताना स्वतःची आवड घरी ठेवा

तुम्हाला तिथे राहायचं नाहीये. बाल्कनीतून काय दिसतं याने तुम्हाला काही फरक पडत नाही, भाडेकरूला बस किंवा ट्रेन किती लांब आहे, कामाचं ठिकाण, शाळा, दवाखाना, रात्री परत येताना रस्त्यावर उजेड असतो का, याने पडतो. शक्यतो स्वतःच्या घरापासून तासाभरात जाता येईल असा भाग निवडा, निदान पहिल्या घरासाठी. लांबच्या शहरातलं स्वस्त घर बघून भुलतात लोक आणि मग नळ गळतोय हे बघायला सुद्धा कोणाची तरी मनधरणी करावी लागते.

भाडं किती मिळेल हे विकणाऱ्याला विचारू नका. त्याच भागात भाड्याने घर शोधताय असं सांगून चार-पाच ठिकाणी चौकशी करा, म्हणजे खरा आकडा कळतो. जाहिरातीतलं भाडं आणि ठरलेलं भाडं यात बऱ्यापैकी फरक असतो. आणि भाड्याच्या जाहिराती लागून महिनोन्महिने तशाच पडून आहेत का ते बघा. एकाच कारखान्यावर, एकाच कॉलेजवर किंवा एकाच कंपनीच्या ऑफिसवर चालणारा भाग असेल तर ते हललं की अख्खा भाग रिकामा होतो, हे लक्षात असू द्या.

आकाराचं म्हणाल तर लहान आणि मध्यम घरांना किमतीच्या मानाने भाडं सहसा चांगलं येतं. आलिशान घराची किंमत दुप्पट असते पण भाडं दुप्पट येत नाही, आणि रिकामं राहिलं तर बराच काळ राहतं.

पायरी ४: घर आणि कागद

वकील स्वतःचा करा. एजंटने किंवा बिल्डरने सुचवलेला नको. विकणारा खरंच मालक आहे का, घरावर आधीचं कर्ज आहे का, वारसांचा वाद किंवा कोर्टकेस आहे का, बांधकामाला परवानगी आहे का, कर थकलाय का, एवढं लेखी तपासून घ्यायचं. घराचं म्हणाल तर पावसाळ्यात किंवा पाऊस पडून गेल्यावर एकदा नक्की बघा, ओल तेव्हाच दिसते. भिंतीला एकाच कोपऱ्यात नवाकोरा रंग दिसला तर तिथे हात लावून बघा. पाण्याचा दाब, वायरिंग किती जुनं आहे, ड्रेनेज, लिफ्ट असेल तर तिचा खर्च कोण देतं. इंजिनियरला थोडे पैसे देऊन एकदा तपासून घेतलं तर ते पैसे बहुतेक वेळा भाव करतानाच वसूल होतात.

अजून बांधून व्हायचं असलेलं घर पहिल्या गुंतवणुकीसाठी मी तरी सुचवणार नाही. ताबा दोन वर्षं लांबला तर भाडं शून्य आणि व्याज मात्र चालू.

पायरी ५: लोन

दर फिक्स आहे की बदलणारा ते आधी विचारा. बदलणारा असेल तर घ्यायच्या आधीच २ टक्के जास्त धरून हिशोब करा: २० वर्षांच्या लोनवर ९ चा दर ११ झाला तर हप्ता जवळजवळ १५ टक्क्यांनी वाढतो. तो वाढीव हप्ता, आणि वर घर रिकामं, असे सहा महिने निघतील का? निघत नसतील तर लोन कमी घ्या किंवा लहान घर घ्या.

मुदतीबद्दल लोकांचे वाद असतात. मी म्हणेन मुदत लांब घ्या म्हणजे सक्तीचा हप्ता लहान राहतो, आणि हातात पैसे असतील तेव्हा वरून भरा. ९ टक्के आणि २० वर्षांच्या लोनमध्ये दरवर्षी एक हप्ता जादा भरला तर लोन साधारण साडेतीन वर्षं आधी संपतं. मुदतीआधी फेडायला दंड आहे का तेवढं मात्र सही करायच्या आधी वाचा.

आणि राखीव रक्कम. आपल्या उदाहरणात महिन्याचा हप्ता ४.५ आणि बाकी खर्च साधारण १.६, म्हणजे सहा महिन्यांचे ३७. हे घराच्या नावाने वेगळ्या खात्यात, घरखर्चाच्या राखीव पैशांपासून वेगळे. डाऊन पेमेंट भरल्यावर हे ३७ उरत नसतील तर तुम्ही अजून तयार नाही आहात, साधी गोष्ट आहे.

पायरी ६: भाडेकरू

या पायरीवर जो वेळ घालवाल तो पुढची दोन-तीन वर्षं कामाला येईल. उत्पन्नाचा पुरावा मागा, भाडं उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत असेल तर थकायची शक्यता कमी असते. ओळखपत्र घ्या, आणि आधीच्या घरमालकाला फोन करा. आत्ताच्या नाही, त्याच्या आधीच्या. आत्ताच्या मालकाला त्रासदायक भाडेकरू घालवायचाच असतो त्यामुळे तो गोडच बोलेल. आडनाव, धर्म, जात, एकटी बाई आहे की कुटुंब असले निकष लावू नका, बऱ्याच देशांत ते बेकायदेशीर आहेच, पण त्यापलीकडे ते निरुपयोगी पण आहे, वेळेवर भाडं देण्याशी याचा काही संबंध नाही.

भाडं बाजारभावापेक्षा किंचित कमी ठेवा असं मी सांगतो तेव्हा लोक नाक मुरडतात. पण हिशोब करा ना. महिन्याला ५ ऐवजी ४.८ घेतले तर वर्षाला २.४ गेले. घर एक महिना रिकामं राहिलं तर ५ गेले. चांगला माणूस २.४ मध्ये टिकत असेल तर तो सौदा तुमच्याच फायद्याचा आहे, आणि शिवाय बघायला येणारे जास्त येतात म्हणजे निवडायला वाव मिळतो.

पायरी ७: करार

लेखी, आणि जिथे रजिस्टर करायचा नियम आहे तिथे रजिस्टर केलेलाच, मग भाडेकरू अगदी नात्यातला असला तरी. भाडं, तारीख, उशीर झाला तर काय, दरवर्षी वाढ किती, डिपॉझिट कशासाठी कापलं जाईल, नोटिस किती दिवसांची, कुठली दुरुस्ती कोणाची, किती जण राहणार. ताबा देताना भाडेकरूसोबतच सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ काढा आणि लगेच त्याला पाठवा, मीटरचं रीडिंग त्यातच येऊ द्या. निघताना डिपॉझिटवरून जी भांडणं होतात त्यातली बरीचशी इथेच संपतात.

पायरी ८: रोजचं चालवणं

हे कंटाळवाणं आहे. घराचं बँक खातं वेगळं ठेवा, भाडं त्यातच येऊ द्या, हप्ता आणि दुरुस्ती त्यातूनच जाऊ द्या, वर्षाअखेर टॅक्सच्या वेळी डोकं धरून बसायला लागत नाही. दुरुस्तीचा फोन आला की त्याच दिवशी उत्तर द्या, काम दुसऱ्या दिवशी झालं तरी चालेल. विचारल्याशिवाय घरी जाऊ नका, तुमच्या नावावर असलं तरी सध्या ते त्यांचं घर आहे. भाडं उशिरा आलं तर पहिल्याच वेळी शांतपणे पण लेखी विचारा, दोन-तीन महिने गप्प बसलात की तीच सवय होते. भाडं दरवर्षी थोडंथोडं वाढवा. चार वर्षं तसंच ठेवून एकदम २० टक्के मागितले की चांगला माणूस निघून जातो, आणि जाताना मनात राग ठेवून जातो.

पायरी ९: दुसरं घर कधी?

पहिल्या घराने दोन भाडेकरू आणि एक मोठी दुरुस्ती पाहिलेली असावी, राखीव रक्कम पुन्हा भरलेली असावी, आणि दोन्ही घरं एकदम रिकामी राहिली तरी सहा महिने निघतील असा हिशोब जमावा. पहिल्या घराची किंमत वाढली म्हणून त्यावर अजून लोन काढून दुसरं, दुसऱ्यावर तिसरं, असं करणारे दिसतात तुम्हाला, बाजार चढता असताना ते फार हुशार वाटतात. पण त्यांचं एक घर अडकलं की बाकीची सुद्धा अडकतात, कारण सगळी एकाच दोरीने बांधलेली असतात.

विकायचं कधी, तर भागातली भाड्याची मागणी कायमची गेली असेल, किंवा इमारत इतकी जुनी झाली असेल की दुरुस्ती भाडं खाऊन टाकतेय. वाढते ती जमिनीची किंमत, बांधकाम झिजतच असतं, त्यामुळे जुन्या इमारतीत तुमच्या वाट्याला जमीन किती येते हे घेतानाच विचारून ठेवलेलं बरं.

आणि हे सगळं वाचून दमला असाल, किंवा डाऊन पेमेंट अजून लांब असेल, तर रीट बघा, म्हणजे बऱ्याच लोकांचे पैसे गोळा करून भाड्याच्या इमारती घेणाऱ्या आणि चालवणाऱ्या संस्था. त्यांच्या मालकीचा लहान तुकडा शेअरसारखा विकत घेता येतो, अमेरिकेत १९६० च्या कायद्याने ही पद्धत सुरू झाली आणि आता बऱ्याच देशांत आहे. अमेरिकेत रीटला करपात्र उत्पन्नाचा किमान ९० टक्के भाग वाटून टाकावा लागतो. ऑफिस, मॉल, गोदामं असं काय काय त्यात असतं. भाव रोज वरखाली होतो आणि स्वतःच्या नावावर लोन काढून घेतलेल्या घरासारखा हिशोब इथे नसतो, पण रात्री बारा वाजता गळक्या नळाचा फोन येत नाही. डाऊन पेमेंट साठेपर्यंत भाड्याच्या धंद्याची चाल समजून घ्यायची असेल तर थोडे पैसे इथे ठेवून त्यांचे तिमाही रिपोर्ट वाचा, किती जागा रिकामी आहे, करार कधी संपतायत, लोनचा दर काय, सगळं त्यात लिहिलेलं असतं.